मोटारीचे दार आणि माणसाचे दार

सरकारी नोकराला घर नसते, घरभाडे-भत्ता असतो. ज्याला स्वतःची भिंत नाही त्याने दाराविषयी लिहावे हा थोडा आगाऊपणाच म्हणायचा. परंतु आमच्या वाचकांपैकी बहुतेकांची स्थिती आमच्यासारखीच असल्यामुळे तो आम्हांला क्षम्य ठरेल अशी आशा आहे. बदलीच्या गावी राहणारा मनुष्य दुसऱ्याच्या दारातून ये-जा करतो आणि मनातल्या मनात स्वतःच्या घराचे दार बांधीत असतो. निवृत्तीनंतर गावी बांधायच्या घराचा नकाशा ज्याच्या कपाटात नाही असा मराठी कारकून आम्ही अजून पाहिलेला नाही.

आम्ही राहतो ओरगडमला. या नावाची दोन गावे आहेत हे प्रथमच सांगितले पाहिजे. कारण आमचे नातलग आम्हांला नेहमी दुसऱ्या गावी नेऊन बसवतात. एक ओरगडम श्रीपेरुंबुदूरच्या पलीकडे. तेथे २०१० साली रेनो-निस्सानचा, २०१२ साली डाइमलरच्या मालमोटारींचा आणि २०१३ साली रॉयल एनफील्डचा कारखाना सुरू झाला. दुसरे ओरगडम चेन्नई शहरातच, अंबत्तूरला लागून. घराला घर चिकटलेली, पुढे लोखंडी फाटक आणि फाटकापुढे पहाटेची रांगोळी अशी ही वस्ती. आम्ही या दुसऱ्या ओरगडमचे. दोन्हींत चाळीसएक किलोमीटरांचे अंतर आहे. एका ओरगडमला गाड्या जन्मतात आणि दुसऱ्या ओरगडमला त्या रात्री निजतात, असे आम्ही पाहुण्यांना सांगतो. जन्मस्थानाविषयी वर्तमानपत्रे पुष्कळ लिहितात. निजण्याच्या जागेविषयी कोणी लिहीत नाही. वास्तविक गाडीचे आयुष्य बहुतांशी उभे राहण्यातच जाते आणि ती कशाच्या आड उभी राहते हा प्रश्न तिच्या मालकाला इंजिनाइतकाच महाग पडू शकतो.

हा प्रश्न आमच्या दारी आला तो आमच्या थोरल्या बंधूंमुळे. दादा चिपळूणला असतात; लोटे-परशुरामच्या एका कारखान्यात पाळीने काम करतात. २०२१च्या पुरानंतर जुन्या घराच्या भिंतींनी जी ओल धरली ती सोडली नाही. म्हणून गावातच, थोड्या चढावर, नवे घर बांधायचे ठरले. निम्मे पैसे दादांचे, निम्मे आमचे; देखरेख मात्र सर्वस्वी त्यांची. घर जोत्यापर्यंत आले आणि एके रात्री दादांनी आमच्या फोनवर एक चलच्चित्र धाडले. परदेशातील कोणाचे घर. पुढची सबंध भिंत आवाज न करता बाहेरच्या बाजूने वर उचलली जाते, आडवी होऊन छपरासारखी थांबते आणि तिच्याखालून एक मोटार आत सरकते. खाली दादांचा मजकूर : ‘आपल्याला हे बसवायचे. हायड्रॉलिक. तुझा हिस्सा कळवतो.’ हिस्सा कळला तेव्हा तो आमच्या चार महिन्यांच्या पगाराएवढा भरला.

पैशाची गोष्ट आली की कारकून टिपणी लिहायला बसतो. आम्हीही बसलो. पण टिपणीत अनुकूल-प्रतिकूल मांडण्यापूर्वी वस्तू काय आहे हे समजले पाहिजे, हा कचेरीचा नियम येथेही पाळला.

मोटारीच्या घराला मराठीत धड नावही नाही. ‘गॅरेज’ हा शब्द आपण उचलला खरा. परंतु गाडी गॅरेजमध्ये आहे असे कोणी सांगितले की आपण ‘काय बिघडले?’ असे विचारतो. इंग्रजांच्या गॅरेजात गाडी विश्रांती घेते, आपल्या गॅरेजात ती उपचार घेते. ज्या वस्तूला आपल्याकडे नाव नव्हते तिच्या दाराचा विचार तरी कोण करणार? घोड्याला पागा होती, बैलाला गोठा होता. मोटार आली ती अंगणात, झाडाखाली किंवा रस्त्यावर उभी राहिली. साहेबाच्या बंगल्यामागे मोटारखाना असे, त्याला दोन झडपांचे लाकडी दार असे. अमेरिकेत मोटारी घरोघर झाल्या तेव्हा ही उघडझाप लोकांना जड जाऊ लागली. १९२१ साली सी. जी. जॉन्सन या गृहस्थाने वर सरकणारे दार काढले आणि १९२६ साली ते उघडणारे विजेचे यंत्रही आणले. त्या दाराच्या आडव्या फळ्या रुळांवरून चढून छताखाली जातात. दार जड असते. परंतु डोक्यावर पीळ दिलेली स्प्रिंग त्याचा भार तोलून धरते, म्हणून वीज नसली तरी एका माणसाला ते हाताने उचलता येते. ही ‘तोलून धरण्याची’ गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्यावरच सारे येऊन ठेपणार आहे.

हायड्रॉलिक दाराची जात निराळी. ते एकाच अखंड पानाचे असते. पोलादी चौकट, तिच्यावर पत्रा किंवा लाकूड, वरच्या कडेला बिजागऱ्या. दोन्ही बाजूंना एकेक सिलिंडर. भिंतीवर एक पेटी, तिच्यात विजेची मोटर, पंप आणि तेलाची टाकी. कळ दाबली की पंप तेलाला सिलिंडरांत रेटतो, तेल दट्ट्याला रेटते आणि दट्टे दाराला बाहेरून वर उचलतात. विमाने ठेवण्याच्या आणि शेतीची अवजड यंत्रे ठेवण्याच्या शेडांना हे दार विशेष मानवते. तिकडून ते हौशी घरमालकांकडे वळले.

यामागचे तत्त्व शाळेत सर्वांनी पाठ केलेले आहे. बंदिस्त द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा सतराव्या शतकातील पास्कलचा नियम. लहान दट्ट्यावर लहान मनुष्य उभा राहिला तर मोठ्या दट्ट्यावर हत्ती उचलला जातो. मात्र मनुष्याला फार खाली जावे लागते आणि हत्ती अगदी थोडा वर येतो. निसर्गाच्या हिशेबात फुकट काही नाही. जोर वाचला तर अंतर वाढते. १७९५ साली जोसेफ ब्रामा याने या तत्त्वावर दाबयंत्राचे पेटंट घेतले; १८४६ साली आर्मस्ट्राँग याने न्यूकॅसलला पाण्याच्या दाबावर चालणारी यारी उभी केली; १८९४ साली लंडनच्या टॉवर ब्रिजची पाती अशाच दाबाने उचलली जाऊ लागली. आमच्या ओरगडमला मात्र ही विद्या पाहण्यास लंडनला जावे लागत नाही. वाळू ओतणारा टिपर, खड्डा खणणारा जेसीबी, दंतवैद्याची खुर्ची, सारी याच घराण्यातली. माणसाच्या अंगातला जोर तेलाच्या नळीतून वाहू लागला आणि त्याने जगातले पुष्कळ ओझे उचलले, हे मान्यच केले पाहिजे.

आता अनुकूल बाजू. ती लिहिताना आम्ही हात आखडता घेतलेला नाही, कारण दादांचा पक्ष आमच्याकडून दुबळा राहू नये अशी आमची इच्छा होती.

पहिली गोष्ट रुंदीची. दोन मोटारी शेजारी शेजारी आत जातील एवढे दार मधल्या खांबावाचून करता येते. दुसरी गोष्ट उंचीची. वर सरकणारे दार छताखालची जागा खाते. हे दार बाहेर जाते, म्हणून छत मोकळे राहते आणि तेथे माळा काढता येतो. तिसरी, स्प्रिंग नाही, तारा नाहीत. ताणलेली स्प्रिंग तुटली म्हणजे ती सापासारखी उसळते आणि अनाडी हाताने तिची दुरुस्ती करणाऱ्याला जन्माची खूण ठेवून जाते. ते भय येथे नाही. चौथी, अखंड पान चौकटीला घट्ट बसते. वारा, पाऊस, धूळ आणि उंदीर यांना फट सापडत नाही. चेन्नईच्या किनाऱ्याला २०१६च्या डिसेंबरात वरदा वादळ धडकले तेव्हा झाडेच्या झाडे आडवी झाली. असल्या वाऱ्यात पातळ पत्र्याचे शटर फुगते आणि खाचेतून निसटते, तेथे पोलादी चौकटीचे पान टिकण्याची आशा अधिक. पाचवी, उघडलेले दार पुढे छपरासारखे राहते. मनुष्य त्याखाली कोरडा उभा राहतो. सहावी गोष्ट विजेची. आमचा समज असा होता की एवढे धूड उचलायचे म्हणजे बिल फार येणार. हिशेब केला. चारशे किलोंचे, २.४ मीटर उंचीचे पान उभ्याचे आडवे झाले म्हणजे त्याचा मध्य १.२ मीटर वर जातो. त्याला सुमारे ४,७०० जूल लागतात. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. निम्मी शक्ती पंपात आणि घर्षणात वाया गेली असे धरले तरी एका युनिटात दार साडेतीनशेहून अधिक वेळा उघडेल. दिवसातून चार वेळा उघडले तरी एक युनिट जवळजवळ तीन महिने पुरते. पेटीतला छोटा दिवा आणि रिमोटचा संदेश ऐकणारा भाग रात्रंदिवस जागा असतो, त्याचीच वीज कदाचित जास्त होईल.

आणि सातवी गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात नव्हती. चिपळूणला वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. दादा दुसऱ्या पाळीनंतर मध्यरात्री घरी येतात. गाडी थांबवायची, उतरायचे, फाटक उघडायचे, गाडी आत घ्यायची, पुन्हा उतरायचे, फाटक लावायचे. घरात शिरेपर्यंत मनुष्य निथळत असतो. त्यांची कंबर पूर्वीसारखी राहिलेली नाही. जो मनुष्य दिवसभर दुसऱ्याच्या यंत्रांच्या कळा दाबतो त्याला स्वतःच्या घरी एक कळ आपल्यासाठी असावी असे वाटले, तर ती चैन म्हणायची काय? आम्हांला तसे म्हणवेना.

प्रतिकूल बाजूही तितकीच प्रामाणिकपणे लिहिली. किंमत इतर कोणत्याही दाराच्या कितीतरी पट. नुसते दार घेऊन भागत नाही; त्याचा सारा भार वरच्या तुळईवर आणि बाजूच्या खांबांवर येतो, म्हणून बांधकामच मुळात त्याच्यासाठी मजबूत करावे लागते. मागाहून हौस म्हणून ते साध्या भिंतीला टांगता येत नाही. दार बाहेर झेपावते, तेव्हा पुढे तेवढी मोकळी जागा हवी. आमच्या ओरगडमला घरे आणि रस्ता यांत दोन पावलांचे अंतर. तेथे हे दार उघडले तर ते वाटसरूच्या छातीला लागेल आणि पहाटेची रांगोळी रोज त्याच्या झेपेखाली येईल. आमच्या घरमालकांच्या मातोश्री ती रांगोळी रोज वाकून काढतात. त्यांच्यापुढे असल्या दाराची गोष्ट काढण्याचे धैर्य आमच्या घरमालकांना होईल असे वाटत नाही.

पुढे निगा. तेलाची पातळी पाहणे, गाळणी बदलणे, बिजागऱ्यांना वंगण देणे, रबरी नळ्यांना चिरा पडल्या का ते तपासणे. दट्ट्याभोवतीचे रबरी वेढे झिजले की तेल पाझरते. आधी फरशीवर डाग पडतो, मग दार आळसावते. खाऱ्या, दमट हवेत दट्ट्याच्या चकचकीत दांड्याला गंज चढला तर तो वेढे लवकर कुरतडतो. नळी फुटली तर दार कोसळू नये म्हणून प्रवाह रोखणारी झडप सिलिंडरापाशीच बसवावी लागते. स्वस्त यंत्रात नेमकी तीच वगळण्याचा मोह होतो. दार उघडण्यास वेळही लागतो. आणि दुरुस्तीला माणूस हवा. शटरवाला प्रत्येक बाजारपेठेत मिळतो, हायड्रॉलिकची नस जाणणारा माणूस आज कारखान्यांभोवती मिळतो. आमच्या दुसऱ्या ओरगडमला तो हाकेला येईल. चिपळूणला लोट्याहून बोलवावा लागेल.

सुरक्षिततेचा मुद्दा आम्ही वेगळा लिहिला. यंत्राच्या दाराला दया नसते. ती त्याला शिकवावी लागते. विजेच्या दारांखाली मुले सापडून दगावल्याच्या घटनांनंतर अमेरिकेने असा नियम केला की १ जानेवारी १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती यंत्रांत अडथळा लागताच दार उलटे फिरण्याची सोय असलीच पाहिजे. म्हणून खालच्या बाजूला प्रकाशाचा किरण सोडणारे डोळे बसवतात; किरण तुटला की दार थांबते. पुष्कळ हायड्रॉलिक दारे कळ दाबून धरली तरच खाली येतात, हीही एक चांगली रीत. पण मग दादांना गाडीतून उतरून कळ दाबून धरावी लागेल! म्हणजे सोय आणि सुरक्षितता यांचे येथे पटत नाही आणि दोहोंतली कोणती आधी, हे घरात मूल आहे की नाही यावरून ठरवावे लागते. दादांच्या धाकट्या कन्येला चौथे वर्ष लागले आहे.

येथवर टिपणी समतोल होती. दोन्ही बाजूंचे परिच्छेद जवळजवळ सारख्याच लांबीचे झाले होते आणि कोणत्याही वरिष्ठाने तिच्यावर ‘चर्चा करा’ एवढाच शेरा मारला असता. तिचा तोल गेला तो एका प्रश्नामुळे : वीज गेली तर?

दार विकणाऱ्यांकडे याचे उत्तर तयार असते. बॅटरी ठेवा, तीही संपली तर हातपंप आहे. आम्ही हातपंपाचाही हिशेब केला. त्याच चारशे किलोंच्या पानाला तेच ४,७०० जूल हवेत. दांड्यावर दहा किलोंचा जोर लावून तो चाळीस सेंटिमीटर खाली आणला तर एका वेळेस सुमारे ३९ जूल मिळतात. म्हणजे एकशेवीस वेळा दांडा मारायचा. घर्षण धरले तर दीडशे वेळा. पास्कलने जोर वाचवला, पण अंतर मागून घेतले ते असे.

रामेश्वरला जाताना लागणारा पांबनचा जुना पूल १९१४ साली सुरू झाला. जहाजाला वाट देण्यासाठी त्याची दोन लोखंडी पाती दोन्हीकडे उचलली जात आणि ती उचलीत असत माणसे, हातांनी दांडे फिरवून. शेकडो टनांचे ओझे मूठभर माणसांच्या हाताला दाद देई, कारण प्रत्येक पात्याच्या मागे त्याचा भार तोलणारे वजन होते. ६ एप्रिल २०२५ रोजी शेजारच्या नव्या पुलाचे उद्घाटन झाले, त्याचा ७२.५ मीटरांचा गाळा सरळ वर जातो, तो विजेने. परंतु तेथेही दोन्ही बाजूंना वजने आहेतच. जुन्या-नव्या दोन्ही अभियंत्यांना हे ठाऊक होते की तोललेले ओझे अडचणीच्या वेळी माणसाचे ऐकते. स्प्रिंगचे दार तोललेले असते. बाजूच्या बिजागऱ्यांवरचे साधे दार वर उचलावेच लागत नाही. सामान्य हायड्रॉलिक दार मात्र तोललेले नसते. त्याचा सारा भार तेलावर असतो. तेल सज्ज असेतोवर ते सर्वांत आज्ञाधारक आणि तेल रुसले की सर्वांत हट्टी.

चिपळूणला वीज केव्हा जाते हे आम्हांला सांगायला नको. २१-२२ जुलै २०२१च्या रात्री वाशिष्ठीचे पाणी गावात शिरले तेव्हा आम्ही बदलीच्या गावी होतो आणि दोन दिवस घरचा फोन लागत नव्हता. जेव्हा लागला तेव्हा नानांनी जे सांगितले ते असे : अंधारात पाणी ओट्याला लागले तेव्हा त्यांनी दाराचा अडसर काढला, दोन्ही झडपा उघडल्या आणि गल्लीतल्या लोकांना हाका मारल्या. आमच्या माळ्यावर त्या रात्री अकरा माणसे होती; त्यांत एक तीन महिन्यांचे मूल. दादा कारखान्यात अडकले होते, वहिनी माहेरी होत्या. नाना एकटे, सत्तरी ओलांडलेले. लाकडी अडसर, दोन झडपा. एका म्हाताऱ्या माणसाचे दोन हात तेवढ्याला पुरले.

ते दार हायड्रॉलिक असते तर? तीन मीटर रुंदीच्या पानावर बाहेरून एक मीटर पाणी चढले की सुमारे दीड टनाचा रेटा बसतो. ते पाणी ढकलून दार बाहेर झेपावणे अशक्यच. आणि त्याआधी, पाणी घोट्याएवढे असताना, अंधारात दीडशे वेळा दांडा मारायला नानांना किती वेळ लागला असता? त्यात यंत्राची पेटी जमिनीलगत बसवलेली असती तर तिच्यात आधीच पाणी गेले असते. टिपणीचे एक पारडे येथे जे खाली गेले ते वर आले नाही.

२०१५च्या डिसेंबरात चेन्नईजवळ तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस झाला होता. २०२३च्या मिचाँग वादळात आम्ही स्वतः ओरगडमला होतो. वीज गेली, रस्त्याची नदी झाली. आमच्या घरमालकांचे फाटक रुळावरून सरकणारे आहे. त्याला मोटर आहे, पण मोटरीला एक किल्ली आहे, ती फिरवली की मोटर सुटते आणि फाटक हाताने ढकलता येते. घरमालक किल्ली शोधीत होते. त्यांच्या मातोश्रींनी ती देवघरातल्या फळीवरून काढून दिली. आपत्काळात कोणती वस्तू कोठे आहे हे घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला ठाऊक असते. तेव्हा ती वस्तू त्याच्या हाताला चालेल अशीही असली पाहिजे, एवढेच आम्ही त्या दिवशी ध्यानात घेतले.

आमच्या पूर्वजांना हे कळत होते. पुण्याच्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला हत्तीने धडक देऊ नये म्हणून अणकुचीदार खिळे आहेत. आणि त्याच दरवाज्याच्या पोटात माणसापुरती दिंडी आहे. हत्तीचे दार रोज उघडायचे नसते. माणसाचे दार रोज उघडायचे असते. वाड्यावाड्यांतून ही रीत होती. कोकणात तर आडव्या बांबूंचे बेडे. गुरू अडते, माणूस अडत नाही.

ही सारी टिपणी आम्ही दादांना वाचून दाखवली. फोनवर थोडा वेळ काहीच ऐकू आले नाही. मग दादा म्हणाले, “छान लिहिलंयस. तू तिकडे बसून टिपण्या लिही. इथे भिजतो तो मी.”

हे वाक्य टिपणीतल्या कोणत्याही परिच्छेदात बसत नव्हते आणि ते खोडूनही काढता येत नव्हते. घरापासून हजारभर किलोमीटर दूर बसून घराविषयी मत देणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी ऐकावे लागते. नानांची काळजी आम्ही अंकगणिताने करीत होतो. दादा ती रोज सकाळी चहा करून देऊन करीत होते. आम्ही एवढेच म्हटले की हिस्सा आम्ही पाठवतो. दार कोणते घ्यायचे ते तुम्ही दोघे मिळून ठरवा.

ठरवले नानांनी. चार दिवसांनी त्यांचाच फोन आला. “अरे, ऐक. तो दार दार करतो, पण त्याला दार नकोच आहे. त्याला भिजायचं नाहीये. छप्पर पुढे ओढून घेऊ की! गाडी छपराखाली थांबली की उतरेना का हवा तेवढ्यांदा.” आणि मग जरा थांबून, “आणि मला, बाबा, कडी हाताला लागली म्हणजे झालं.”

तसेच झाले. मोटारखान्यापुढचे छप्पर गाडीच्या लांबीएवढे पुढे घेतले आहे. दार दोन झडपांचे, लोखंडी चौकटीत लाकूड. एका झडपेत दिंडी. झडपा आत उघडतात. उरलेल्या पैशांतून मागच्या खोल्यांचे जोते दोन फूट उंच केले. त्यावर मात्र आम्हां तिघांत वाद झाला नाही. दादांनी ते चलच्चित्र अजून पुसलेले नाही असे वहिनी सांगतात. त्यांना त्या दाराचे जे आकर्षण वाटले ते खोटे नव्हते. आणि उद्या गावाबाहेर, पुरापासून दूर, रुंद आवारात कोणी घर बांधीत असेल, बांधकाम प्रथमपासून त्या भाराचे असेल आणि दुरुस्तीचा माणूस हाकेच्या अंतरावर असेल, तर आम्ही त्याला हायड्रॉलिक दार घेऊ नको असे म्हणणार नाही.

केवळ पैसे देण्यापूर्वी त्याने चार प्रश्न विचारावेत. नळी फुटली तर दार कशाने अडेल? यंत्राची पेटी जमिनीपासून किती उंच आहे? दाराखाली मूल आले तर दाराला कसे कळेल? आणि वीज नसताना घरातले सर्वांत अशक्त माणूस ते किती वेळात उघडील? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विक्रेत्याकडून घेऊ नये. त्या माणसाच्या हातात पंपाचा दांडा द्यावा आणि मोजावे. आणि उत्तर काहीही येवो, शेजारी माणसापुरते एक वेगळे दार, साध्या कडीचे, ठेवावेच.